मोठी जुनी फोर बाय फोर घेताना वजन कोण विचारतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोठ्या सेकंडहँड ऑफरोड एसयूव्हींवर लेख आला होता तो वाचला. नेमका हाच प्रश्न सध्या आमच्या घरात चालूय, म्हणजे आहे ती तीन दारांची छोटी फोर बाय फोर ठेवायची का ती विकून एखादी मोठी, जुनी, दणकट गाडी आणायची, त्यामुळे लेख दोनदा वाचला. लेख वाईट नव्हता, फोटो तर झकासच, पण रुबाब, रोड प्रेझेन्स, उंच बसल्यावर कसं वाटतं यावर कॉलमच्या कॉलम आणि गाडीच्या वजनाबद्दल एक ओळ नाही, हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा.

लेखाचा एकूण सूर असा की नवीन मध्यम गाडी जेवढ्यात येते तेवढ्यातच दहा-पंधरा वर्षं जुनी टोयोटा लँड क्रूझर नाहीतर लँड रोव्हर डिस्कव्हरी येते, मग नवीन घ्यायचीच कशाला. पण ती एवढी स्वस्त का झाली हे कुणीतरी विचारायला हवं ना. गाडीची किंमत दरवर्षी उतरते पण तिच्या ब्रेक डिस्कची, टायरची, रेडिएटरची, इंजेक्टरची किंमत उतरत नाही, ती त्या वर्गाच्या नव्या गाडीएवढीच राहते, आणि वय झाल्यामुळे हे सगळं लागायला पण जास्त लागतं. म्हणजे घेताना मध्यम गाडीचा चेक फाडायचा आणि पुढची सगळी वर्षं बिलं मात्र महागड्या गाडीची भरायची. पहिला मालक ज्या खर्चाला कंटाळून गाडी काढतो बऱ्याचदा तोच खर्च आपण सूट मिळाली म्हणून हौसेने घरी आणतो. यात फसवाफसवी आहे असं नाही, विकणारा प्रामाणिक असला तरी हे असंच होतं.

आता मोठी गाडी हवी कशाला ते पण सांगतो, नाहीतर वाटेल की हा माणूस उगाच नाकं मुरडतोय. छोट्या गाडीत मागची सीट लावली की सामानाला जागा अक्षरशः उरत नाही आणि सामान ठेवलं की माणसं बसत नाहीत. हायवेवर आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली) उंच गाडी वाऱ्याने हलते, मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं, लांबच्या प्रवासानंतर कान आणि पाठ दोन्ही बोलतात. मुलं मोठी झाली, पाय लांब झाले. बायकोचं म्हणणं सरळ आहे की रस्ता सोडून जायची हौस तुझी, मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आम्ही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यामुळे मोठी नकोच असं मी अजिबात म्हणत नाहीये, मोठी म्हणजे नक्की काय घेतोय ते आधी बघूया एवढंच.

तर वजन. सुझुकीची २०१८ मध्ये आलेली तीन दारांची जिम्नी साधारण ११०० किलोची आहे. लँड क्रूझर २०० (८०, १००, २०० ही तिच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांची नावं) अडीच टनाच्या वर जाते, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि हे वजन एकदा आलं की गाडीतल्या प्रत्येक गोष्टीत शिरतं, ब्रेक पॅड लवकर जातात, सस्पेन्शनचे रबरी बुश लवकर मरतात, व्हील बेअरिंगवर लोड येतो, टायर तर विचारूच नका. जिम्नीला १९५/८० आर १५ असा बारीकसा टायर लागतो आणि २०० ला २८५/६० आर १८, दोन्ही शेजारी ठेवून बघा म्हणजे बिलाचा अंदाज न विचारता येईल. वर मोठ्या गाड्यांमध्ये फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद कायम चारही चाकांना) असेल तर चारही टायर सारखे झिजलेले ठेवावे लागतात, एक फाटला म्हणून एकच नवा टाकला असं करून चालत नाही, कारण घेर वेगळा झाला की पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल सतत काम करत राहतो. पेट्रोल-डिझेलचं तर सगळ्यांना माहितीय, मोठी व्ही एट म्हणजे आठ सिलिंडरची पेट्रोल गाडी लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास देते, जिम्नी बारा-तेरा, म्हणजे दहा हजार किलोमीटरला एकीकडे आठशे लिटर आणि दुसरीकडे सोळाशेच्या वर. यावर जास्त लिहीत नाही, हा हिशोब प्रत्येकजण घरी करतोच.

पण एक हिशोब कुणीच करत नाही, तो म्हणजे पेलोडचा. आपल्याला वाटतं गाडी मोठी म्हणजे कितीही भरा. तसं नसतं. गाडीचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं एकूण वजन ठरलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते माणसांसाठी आणि सामानासाठी. लँड क्रूझर २०० च्या बऱ्याच मॉडेल्सना हे उरलेलं सहाशे-साडेसहाशे किलोच आहे. आता बघा, पाच माणसं साडेतीनशे किलो. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) मिळून शंभर तरी होतातच. रूफ रॅक तीस-चाळीस किलो, पाण्याचे कॅन चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. झाले सव्वापाचशेच्या आसपास, अजून तंबू, टूलबॉक्स, शेगडी, कपडे काहीच आलं नाही, आणि मागे ड्रॉवर सिस्टीम आणि दुसरं स्पेअर व्हील लावलेलं असेल तर विषयच संपला. सेकंडहँडमध्ये तर अशा आधीच सजवलेल्या गाड्याच जास्त दिसतात, जाहिरातीत लिहिलेलं असतं 'फुल्ली लोडेड' आणि खरोखरच असते ती लोडेड! माणसं बसायच्या आधीच अर्धा पेलोड संपलेला असतो. छतावर किती चालतं तो आकडा अजून वेगळा, आणि तिथे टाकलेला प्रत्येक किलो गाडीचा तोल वर नेतो, बाजूला कललेल्या उतारावर हे पोटात गोळा आल्यावर कळतं. जिम्नीचा पेलोड साडेतीनशेच्या जरासा आत आहे, चार माणसं बसली की संपत आला. मग मोठी घेऊन मिळालं काय? एक माणूस जास्त, आणि सामान घरी भरलं तसंच म्हणजे बेतानेच. जागा मात्र खरंच वाढते, ऐसपैस बसता येतं, ते कबूल आहे.

दुसरी गोष्ट, रस्ता संपल्यावर मोठी गाडी चांगली का छोटी, यावर लोक तासन् तास भांडतात. जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर आणि लँड क्रूझर ८०, १००, २०० सगळ्यांचा २८५०. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उंचवट्यावरून जाताना पोट घासतं, मग तेच अंतर भरून काढायला गाडी उचला, मोठे टायर टाका, आणि मग त्या टायरमुळे गिअरिंग बदलतं, ब्रेक कमी वाटायला लागतात, म्हणजे एक काम केलं की चार कामं मागे लागतात. रुंदीचंही तसंच. २०० जवळजवळ दोन मीटर रुंद आहे, झाडांमधून किंवा दोन दगडांमधून जाताना छोटी गाडी जिथून शिटी वाजवत निघून जाते तिथे मोठीचा आरसा आधी जातो आणि मग दरवाजा. याउलट लांब चढावर, खोल वाळूत, पूर्ण भरलेल्या गाडीने लांबवर जायचं असेल तर मोठ्या इंजिनचा टॉर्क आणि लांब व्हीलबेसचा स्थिरपणा याला तोड नाही, छोटी गाडी तीव्र चढावर मागे उलटायची भीती दाखवते तशी मोठी दाखवत नाही. पण अडकली की अडकली! अकराशे किलोची गाडी चार माणसं मिळून ढकलतात, फावड्याने थोडं उकरून, टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवून निघते. तीन टनाची भरलेली गाडी चेसीपर्यंत चिखलात बसली तर तितकीच जड दुसरी गाडी, तिच्या वजनाला चालेल असा दोर आणि जुगाड न केलेले, खरे रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायच्या मजबूत जागा) लागतात. एकट्याने फिरणाऱ्याने हा विचार सगळ्यात आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्या लेखात एका वाक्यात तरी हे यायला हवं होतं.

आता कुठली घ्यायची. 'मोठी एसयूव्ही' म्हणून लेखात सगळ्यांना एकाच रांगेत बसवलंय, पण या गाड्या आतून एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत आणि एकाच नावाच्या दोन पिढ्यासुद्धा वेगळ्या आहेत. १९९० साली आलेल्या लँड क्रूझर ८० ला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग, काहींना कंपनीतूनच पुढे-मागे डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं सारखीच फिरवणारं कुलूप. १९९८ च्या १०० ला बहुतेक ठिकाणी पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आलं, रस्त्यावर ती खूपच सुधारली पण मोठे टायर टाकून रानटीपणा करणाऱ्यांना ८० च लाडकी राहिली. निस्सान पॅट्रोल वाय ६१ दोन्हीकडे सॉलिड ॲक्सलची, कसदार गाडी, जुनं ४.२ लिटरचं डिझेल म्हणजे न मरणारं इंजिन म्हणून लोक शोधत फिरतात, पण त्याच बॉडीत ३ लिटरचं झेडडी ३० डिझेल आलं ते सुरुवातीच्या वर्षांत पिस्टन जाळण्यासाठी बदनाम झालं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच! मित्सुबिशी पजेरो म्हटलं की लोकांना डाकार रॅली आठवते, बारा वेळा जिंकलेली, पण १९९९ च्या तिसऱ्या पिढीपासून पजेरोची वेगळी लॅडर फ्रेम (खालची शिडीसारखी चौकट) गेली आणि मोनोकॉक म्हणजे एकसंध बॉडीतच फ्रेम मिसळली, चारही चाकं इंडिपेंडंट झाली. गाडी म्हणून उत्तमच, फक्त खाली वाकून लॅडर फ्रेम शोधू नका. टोयोटाच्याच प्राडो १२० च्या ३ लिटर डिझेलमध्ये इंजेक्टरचे सील गळले तर जळकं गॅस ऑइलमध्ये उतरून काजळीने ऑइलची जाळी तुंबते, त्यामुळे इंजेक्टर आणि सील कधी बदलले याचं बिल मागायचं, तोंडी नाही चालत.

आणि डिस्कव्हरी ३. चालवायला यातली सगळ्यात सुखाची, सात मोठी माणसं खरोखर बसतील अशी, खड्ड्यांवरून तरंगत जाते, एक नॉब फिरवला की वाळू, चिखल, दगड हवं ते. मला स्वतःला मनापासून आवडते आणि म्हणूनच तिच्यापासून लांब राहायचं ठरवलंय. एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर वयाबरोबर थकतो, २.७ लिटर व्ही सिक्स डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटल्याच्या केसेस इतक्या झाल्यात की मालकमंडळी त्यावर बोलायला लागली की थांबत नाहीत, आणि टर्बोसारख्या मोठ्या कामाला बरेच मेकॅनिक सरळ चेसीवरून अख्खी बॉडीच उचलतात कारण हात जायला जागा नाही. हत्ती घेता येतो, दारात पोसायला जमतं का ते बघायचं, ही म्हण या गाडीसाठीच झाली असावी. ज्याच्या ओळखीत या गाडीचा जाणकार मेकॅनिक आहे त्याने खुशाल घ्यावी.

त्यामुळे माझा कल असा होत चाललाय की मोठी घ्यायचीच तर साधी मोठी घ्यायची. कमी इलेक्ट्रॉनिक्स, कॉइल स्प्रिंग, लो रेंजचा (अवघड जागी हळू पण जोरात ओढणारे गिअर) हाताने टाकायचा लिव्हर असेल तर फारच छान, आणि इंजिन असं की ज्याला कुठलाही बरा डिझेल मेकॅनिक घाबरणार नाही. सनरूफ, मागचे स्क्रीन, थंड होणाऱ्या सीट या सगळ्या जुन्या गाडीत सोयी नसतात, ती दुरुस्तीची यादी असते. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) नव्या डिझेलचाही विचार केला, पण आमची गाडी आठवडाभर छोट्या-छोट्या फेऱ्याच मारणार, फिल्टर गरम होऊन काजळी जळायला सलग लांब पळावं लागतं ते होणार नाही आणि दर थोड्या दिवसांनी दिवा लागणार. ज्याची रोजची रपेटच हायवेची आहे त्याला हा त्रास नाही.

बघायला गेलात तर काय बघाल हेही लेखात फक्त 'जाणकाराकडून तपासून घ्या' एवढ्यावर उरकलंय. जाणकार बरोबर न्याच, पण स्वतः चटई घेऊन गाडीखाली झोपा. फ्रेमवर, विशेषतः मागच्या चाकांच्या वरच्या वळणात आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय तिथे गंज बघा, छोट्या हातोडीने टकटक करा, टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर पुढची गाडी बघा. आणि खाली सगळं ताजं काळं कुळकुळीत अंडरकोट मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, विकायच्या आठवड्यात कुणी प्रेमापोटी गाडीच्या पोटाला रंग देत नाही. डिफ आणि गिअरबॉक्सचा प्लग उघडून ऑइल बघायला मालक तयार नसेल तर तिथेच समजा, ऑइल दुधासारखं पांढरट निघालं म्हणजे पाण्यात गाडी घातलीय आणि नंतर कुणी ऑइल बदललेलं नाही. सॉलिड ॲक्सलवाल्या टोयोटा किंवा निस्सान पॅट्रोलमध्ये पुढच्या चाकामागे जो गोल नकल (चाक वळवणारा सांधा) असतो त्याच्यावर काळं चिकट ग्रीस-ऑइल ओघळलेलं असेल तर सील गेलेत, हे फार मोठं काम नाही पण भाव करताना हातात मुद्दा येतो. लोक लो रेंज टाकूनच बघत नाहीत! वर्षानुवर्षं न वापरल्याने लिव्हर किंवा ॲक्चुएटर जाम झालेला असतो, म्हणून मातीवर किंवा खडीवर नेऊन लो टाका, डिफ लॉक टाका, दिवा फक्त लुकलुकतो का खरोखर लागतो ते बघा, थोडं पुढे-मागे करा. पार्ट टाइम फोर बाय फोर (लागेल तेव्हाच चारही चाकं जोडायची, मधला डिफरन्शियल नसलेली) असेल तर हे कोरड्या डांबरावर करू नका, वळताना ट्रान्समिशन ताणलं जातं. इंजिन थंड असताना पोचा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर का म्हणून विचारा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचं रबर ते दहा वर्षांचं रबर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा ओबीडी स्कॅनर लावल्यावर एकही फॉल्ट नाही पण गाडीच्या सगळ्या सेल्फ टेस्ट अपूर्ण दाखवतंय, तर कुणीतरी थोड्याच वेळापूर्वी कोड पुसलेत. टायमिंग बेल्टचं तर मी बिलाशिवाय ऐकूनच घेत नाही, लँड क्रूझर १०० च्या ४.७ लिटर व्ही एटला तो साधारण दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो आणि जाहिरातीत गाड्या बरोबर एक लाख चाळीस-पंचेचाळीस हजारालाच विकायला आलेल्या दिसतात, आता हा योगायोग म्हणायचा का काय ते वाचकांनी ठरवावं.

किलोमीटरबद्दल पण एक. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली असं या वर्गात धरून चालू नये. तीन लाख किलोमीटर हायवेवर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली लँड क्रूझर मला चालेल, ऐंशी हजार चाललेली पण वर्षानुवर्षं उभी, सील सुकलेले, टाकीत जुनं डिझेल, ब्रेकची कॅलिपर जाम, असली नको. उभ्या गाडीचे रोग चालवायला लागल्यावर बाहेर येतात आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आता आमच्या घरी काय ठरतंय ते. कागदावर मांडलं तर असं दिसतं की जागा खरोखर कमी पडते ती मोठ्या सुट्टीच्या प्रवासात, बाकी वर्षभर गाडीत एक-दोन माणसंच असतात. तेवढ्यासाठी अडीच टन रोज ओढायचे का, तर नाही, त्या प्रवासापुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते. पण हायवेवरचा थकवा आणि मुलांचे पाय हे कारण वर्षभराचं आहे आणि ते नुसत्या हिशोबाने जात नाही. म्हणून सध्या तरी मधली वाट दिसतेय, पाच दारांची, लॅडर फ्रेमची, लो रेंजवाली पण दोन टनांच्या आसपासची मध्यम गाडी, सजावट न केलेली, पहिल्या मालकाकडची, आणि खरेदीच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढे पैसे पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढूनच. तेवढे बाजूला निघत नसतील तर ती गाडी आम्हाला परवडत नाही असं धरायचं, मग ती कितीही स्वस्त मिळत असो. अशी गाडी सापडेपर्यंत छोटी विकायची नाही यावर घरात एकमत झालंय. लँड क्रूझर ८० दिसली की मी अजूनही रस्त्यात थांबून बघतो तो भाग वेगळा.

तुमच्याकडे एक विनंती आहे. पुढच्या वेळी पुरवणीत जुन्या गाड्यांवर लिहाल तेव्हा प्रत्येक गाडीसमोर रिकामं वजन, परवानगीचं एकूण वजन, छतावर किती चालतं, टायरचा साइज आणि टायमिंग बेल्ट आहे का चेन एवढे पाच खाने छापा, फोटो एक कमी चालेल. आणि ज्या लेखकाने गाडी एक दिवस चालवून लिहिलंय त्याच्या शेजारी, ती गाडी पाच वर्षं सांभाळलेल्या एखाद्या मालकाचं आणि एखाद्या मेकॅनिकचं म्हणणं घ्या, त्यांना दोनशे शब्द दिलेत तरी पुष्कळ आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक